पट्टी कोण ठरवतं?

हात कामात असतील तर काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आजचा विषय आमच्याकडे बचत गटाच्या हजेरीपटातून आला. सोयाबीनच्या काढणीत आठवडाभर कोणालाच उसंत नव्हती, म्हणून एका गटाची बैठक आम्ही रविवारी सकाळी ठेवायला लागलो. गटातली एक ताई सलग तीन बैठकांना आली नाही. एका गैरहजेरीला दहा रुपये दंड, असे तिचे तीस रुपये झाले. ती म्हणाली, दंड घ्या, पण रविवारी सकाळी माझ्याच्यानं येणं होणार नाही. ती ख्रिस्ती आहे. त्यांच्यात उपासनेला जमणाऱ्या लोकांना मंडळी म्हणतात. तिच्या छोट्या मंडळीत दर रविवारी गाणं चालवायचं काम तिच्याकडे आहे. कोणीतरी विचारलं, पगार किती मिळतो? ती म्हणाली, "पगार कसला? बोलावणं आहे ते."

आमच्या बाया एकदम गप्प झाल्या, कारण बोलावणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. आषाढ जवळ आला की आपल्या घरातली म्हातारी माणसं हाच शब्द वापरतात. पाय दुखतात, पेरणी राहिलेली असते, तरी माणूस निघतो, कारण पंढरपूरचं बोलावणं आलंय. बैठक आम्ही शनिवारी नेली. पण मनात प्रश्न राहिला. गाणं चालवायला बोलावणं येतं, ते कोणाला येतं? आणि बाईला आलं तर लोक काय म्हणतात? मग विचारत गेलो, वाचत गेलो, त्यातलं हे थोडं.

सुरुवात घरापासून करू. हिंगोली तालुक्यातली नर्सी ही नामदेवांची जन्मभूमी, असं आपण मानतो. त्यांचा जन्म १२७० सालचा. त्यांचे गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले ते आपल्या औंढ्याला, नागनाथाच्या देवळात. त्याच देवळाची एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी हरकत घेतली, शिंप्याच्या जातीचा माणूस देवासमोर कसा उभा राहतो म्हणून. नामदेव मुकाट्यानं देवळाच्या मागे गेले आणि तिथं कीर्तन सुरू केलं. तर देऊळच फिरलं आणि नामदेवांकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी बिचारा मागच्या बाजूलाच राहिला. अजून कोणी पाहुणे औंढ्याला आले की आपण त्यांना नंदी कुठे आहे ते आधी दाखवतो.

ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून तिचा दाखला देता येणार नाही. पण गाण्याला पुढे कोणी उभं राहायचं हे भांडण आपल्या मातीत किती जुनं आहे, ते तिच्यातून कळतं. नामदेवांच्याच घरात गंगाखेडची जनाबाई लहानपणापासून कामाला होती. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. ते आपण जात्याशी, सडासारवणाशी जोडतो. कीर्तनाला पुढे उभी असलेली जनाबाई कुठल्या चित्रात पाहिल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

पुढे उभं राहणं म्हणजे नेमकं काय काम, हेही सांगायला पाहिजे. ऐकणाऱ्याला वाटतं, ज्याचा गळा गोड तो पुढे. तसं नाही. पुढच्या माणसानं पहिल्यांदा पट्टी ठरवायची, म्हणजे गाणं किती उंच सुरू करायचं ते. पुरुषांना साधारण काळी एक, काळी दोन सोयीची पडते. बायांना काळी चार, काळी पाच लागते. पट्टी पुरुषानं धरली की बायांचा आवाज खाली घशात अडकतो, आणि मग लोक म्हणतात, बायांचा आवाजच निघत नाही. चुकतो कोण आणि बोल लागतो कोणाला! त्यानंतर लय धरायची, मागच्यांना ओळ कधी उचलायची ते मानेनं नाहीतर हातानं सांगायचं, कोणी भरकटलं तर त्याला गाण्यात परत आणायचं, आणि वेळेवर थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड, असं ताई म्हणते. गटाची बैठक चालवणाऱ्या आम्हाला ते लगेच पटलं.

आता मराठी ख्रिस्ती गाण्याकडे येऊ. ते इंग्रजांच्या राज्याबरोबर आलं असं बहुतेकांना वाटतं. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण गोव्यात राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं, म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता तेव्हा. दहा हजारांवर ओव्या, मराठीत. ओवी म्हणजे आपल्या आयाबायांचं जात्यावरचं मापच की. हे पुराण देवळातून आणि घराघरांतून म्हटलं जायचं. त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. पुढे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं, तोवर ते हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून आणि म्हणणाऱ्यांच्या तोंडून टिकलं.

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली आणि अहमदनगरला १८३१ साली. त्यांच्यातल्याच सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींची शाळा चालवली, आणि सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला तिथं गेल्या होत्या, हे तुम्ही ऐकलं असेल. या मिशनऱ्यांनी उपासनेसाठी गाणी केली ती बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, आणि चाली त्यांच्याकडच्याच. इंग्रजी चालीत ठोका जिथे पडतो, तिथे मराठी शब्दात ऱ्हस्व अक्षर येतं. मग ते ओढून लांब करायचं, आणि लांब असेल ते तोडायचं. शेतातून आलेल्या बाईला ते गाणं तोंडात बसणार कसं? ज्याला आपण गाणं म्हणतो ते हे नव्हे, असं तिला वाटलं असेल तर नवल नाही.

यावर उपाय काढला तो इथल्याच माणसांनी. १८६० नंतरच्या काळात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. कीर्तनाची रीत आपलीच. मृदंग, टाळ, पूर्वरंग, उत्तररंग. आख्यान मात्र येशूच्या चरित्रातलं. लोक रात्र रात्र बसून ऐकत. आपल्या बाजूलाही त्याच सुमाराला रेव्हरंड नारायण शेषाद्री जालन्याला काम करत होते. हा देशस्थ ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. हिंगोली आणि जालना या दोन्ही हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या छावण्या. जुन्या माणसांना छावणी हा शब्द अजून आठवतो, त्यामागचं कारण कित्येकांना ठाऊक नसतं.

पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडात गाणं खऱ्या अर्थानं बसवलं ते नारायण वामन टिळकांनी. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग नगरला राहिले. सुरुवातीला तेही इंग्रजी वळणाची गीतं करत. पुढे ते अभंगाकडे, ओवीकडे, पदाकडे वळले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांची शंभरावर गीतं मंडळ्यांमध्ये गायली जातात. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मराठी मंडळीत बायबलच्या शेजारी असतं. आमच्या ताईची प्रत तिच्या आईची आहे. पाठीला शिवण घातलेली आणि पानांच्या कडेला पेन्सिलीनं पट्टी लिहिलेली. तीन गाण्यांवर आईची पट्टी खोडून ताईनं आपली लिहिलीय.

टिळकांचं नाव घेतलं की लक्ष्मीबाईंचं घ्यावंच लागतं, आणि आमचं मन तर त्यांच्यापाशीच जास्त रमलं. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली ही बाई. लग्न अकराव्या-बाराव्या वर्षी. लिहिता-वाचता येत नव्हतं, नवऱ्यानं शिकवायला घेतलं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा पाच वर्षं वेगळी राहिली, सोवळं-ओवळं पाळत, रडत, भांडत. नवऱ्यानं सांगितलं म्हणून ती त्या वाटेला गेली नाही. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला. हे 'स्मृतिचित्रे'त तिनं असं लिहिलंय की हसता हसता डोळ्यांत पाणी येतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचनालयातून आणावं, आणि वाचनालयात नसेल तर मागणी नोंदवावी.

टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य लिहायला घेतलं. १९१९ साली ते गेले तेव्हा जेमतेम साडेदहा अध्याय झाले होते. एवढ्या मोठ्या कवीचं अर्धं राहिलेलं काम. कोणा विद्वानानं हातात घ्यावं, असंच लोकांना वाटलं असणार. ते घेतलं लक्ष्मीबाईंनी, आणि पुढचे ६४ अध्याय लिहून पुरं केलं. साडेदहा आणि चौसष्ट. हिशोब तुम्हीच करा, बचत गटाच्या बाया आहात. तरीही ख्रिस्तायन म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं नाव टिळकांचंच येतं. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. ग्रंथ छापून निघालेला त्यांना पाहता आला नाही. तो १९३८ साली निघाला.

पंडिता रमाबाईंबद्दल वेगळं भाषण करावं लागेल, इथे एकच सांगतो. ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी, आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी हिंडताना ही मुलगी देवळांत पुराण सांगायची. बाईनं चारचौघांत संस्कृत म्हणणं त्या काळी अक्रीत होतं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी सगळं बायबल स्वतः मूळ भाषांवरून मराठीत आणलं. म्हणजे बाईनं पुढे उभं राहून म्हणायचं, याचा वसा त्यांनी पुराणिक बापाच्या घरूनच नेला होता.

आता थोडं लांब जाऊ. गॉस्पेल नावाचं जे गाणं जगभर गाजलं, ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं. गुलामगिरी संपल्यावर नॅशव्हिल गावात त्यांच्या मुलांसाठी फिस्क नावाचं विद्यालय निघालं. ते कर्जात बुडालं. तेव्हा १८७१ साली नऊ विद्यार्थी गाणी म्हणून पैसे जमवायला बाहेर पडले. त्यांत बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. पेटीवर एला शेपर्ड ही तरुणी, आणि गाण्याची तालीमही बरीचशी तीच घ्यायची. त्यांनी राणी व्हिक्टोरियासमोर गायलं, शाळेला इमारत बांधून दिली. पुढे १८९०च्या सुमाराला त्यांचा एक संच हिंदुस्थानातही येऊन गेला. शाळा वाचवायला गाणं. आमच्या गटांनी पापड विकून अंगणवाडीचं छप्पर घातलं होतं, त्याची आठवण झाली. दोन्हींची बरोबरी करत नाही.

शिकागोत थॉमस डॉर्सी नावाचा माणूस होता. नाचगाण्याच्या अड्ड्यांवर पियानो वाजवणारा. १९३२ साली तो बाहेरगावी गाण्याला गेला असताना त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यानं जे गीत केलं ते आज जगातल्या असंख्य चर्चमध्ये गातात. पुढे चाळीसएक वर्षं त्यानं एकाच चर्चचा गायनवृंद चालवला. त्याची कीर्ती सगळे सांगतात. आम्हाला आवडली ती त्याच्याबरोबरची सॅली मार्टिन. डॉर्सी गाण्यांचे छापील कागद विकायचा आणि आलेले पैसे पिशवीत टाकायचा. कोण किती उचलतं याचा पत्ता नाही. सॅलीबाईंनी वही घातली, हिशोब लावला, गावोगाव जाऊन गायनवृंद उभे केले. त्या हिशोबावरच ती गाणी देशभर पोचली. पुढे १९४० मध्ये त्यांनी स्वतःची प्रकाशन संस्था काढली. पासबुक सांभाळणाऱ्या बाईला संगीताच्या इतिहासात कोणी जागा देत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि सेंट लुईस गावची विली मे फोर्ड स्मिथ. गाण्याआधी दोन शब्द बोलायची ती, म्हणजे गाण्यातच छोटं प्रवचन. लोक वेडे व्हायचे. पण कित्येक पाळकांनी तिला व्यासपीठावर चढू दिलं नाही, बाईनं उपदेश करू नये म्हणून. ती खाली जमिनीवर उभी राहून गायची.

आपल्या औंढ्याच्या नामदेवांची गोष्ट इतक्या लांब अशी भेटेल, असं वाटलं नव्हतं.

ताईचंही तसंच काहीसं आहे. ती शिकली वाशिमला. नाझरीन मंडळीचा रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना आपल्या सेनगावकडच्या लोकांना माहीत आहे, त्यालाच मिशनचा दवाखाना म्हणतात. तिथल्या नर्सिंगच्या शाळेत ती होती. सकाळच्या प्रार्थनेला गाणं म्हणता म्हणता पेटी शिकली. लग्न होऊन इकडे आली. इथल्या छोट्या मंडळीत गाणं चालवणारे काका थकले, तेव्हा पेटी तिच्याकडे आली. पेटी आली, पण पुढची जागा आली नाही. काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं, बाईनं बसून वाजवावं, पुढे उभं राहून हातवारे करू नयेत. पौलाच्या करिंथकरांस पत्रात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहिलंय, ते त्यांनी दाखवलं. ताईनं निर्गमाचं पुस्तक काढलं. समुद्र पार केल्यावर मिर्याम डफ घेऊन निघाली आणि सगळ्या बाया तिच्या मागे गात नाचत निघाल्या, ते वाचून दाखवलं. दोन्ही एकाच बायबलात आहेत. वाद तिथेच राहिला.

पेटीचंही नशीब पाहा. पायानं भाता मारायची ती युरोपातली पेटी मिशनऱ्यांबरोबर आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमाराला तिला जमिनीवर बसून हातानं वाजवण्याजोगी केली. मग ती कीर्तनात आली, तमाशात आली, नाट्यगीतात आली. आणि १९४० साली आकाशवाणीनं तिला परकी ठरवून बाहेर काढलं. तीसएक वर्षं तिला रेडिओवर बंदी होती. आज आपण रेडिओवरच तिच्याबद्दल बोलतोय.

ताई आता काय करते, ते आम्ही नाताळच्या तालमीला जाऊन पाहिलं. पंधरा-सोळा माणसं. निम्म्याहून जास्त बाया, चार-पाच पुरुष, तीन पोरं. तबल्याला एक कॉलेजचा मुलगा, झांजेला तिच्या सासूबाई. ताई बाजूला पेटीशी बसलेली. पुढची जागा मोकळी. कोणीच पुढे उभं नव्हतं. तिनं सूर दिला, काळी चार. मागून एक काका म्हणाले, "जरा खाली घे की, आम्हाला पोचत नाही." ती म्हणाली, "काका, तुम्ही खालच्या सप्तकात घ्या. दरवेळी आम्हीच दबून गायचं होय?" काका हसले आणि खालच्या सप्तकात गायला लागले. टिळकांचं एक जुनं गीत होतं. पहिल्या कडव्याला गोंधळ झाला, दुसऱ्याला सगळे लयीत आले. मानेनं ती उजवीकडच्या बायांना थांबवायची, भुवईनं पोरांना आत घ्यायची. हात पेटीवर अडकलेले, तरी एकूण एक माणूस तिच्याकडेच पाहत होता. शेवटची ओळ तिनं पुन्हा घेतली नाही. तिथेच सोडली, आणि खोलीत पंखा फिरल्याचा आवाज ऐकू आला.

निघताना आम्ही तिला विचारलं, पुढे उभं राहायचं का तुला? ती म्हणाली, उभं राहिलं तर पेटी कोण वाजवणार? म्हणून आता ती एका नववीतल्या मुलीला पेटी शिकवतेय. दोन महिने झालेत, सा-रे-ग-म बसलंय, भात्याचा दाब अजून सारखा येत नाही. पुढच्या ईस्टरपर्यंत तयार होईल म्हणाली.

तिचे तीस रुपये गटाच्या वहीत अजून बाकी दिसतात. माफ करायचा ठराव आम्ही मांडला होता. तिनंच अडवला, म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा. या शनिवारी भरणार आहे.